‘कोलंबो’चा फसलेला भाग कसा बघावा आणि त्यावर मत कसं द्यावं

‘कोलंबो’ ही जुनी अमेरिकन गुप्तहेर मालिका मनापासून बघणाऱ्या दोन-चार जणांत तिच्या ‘लास्ट सॅल्यूट टू द कमोडोर’ या भागाचं नाव निघालं की लगेच दोन गट पडतात. मोठा गट म्हणतो, हा भाग सोडून द्या, पुढचा लावा. छोटा गट म्हणतो, असा भाग पुन्हा झाला नाही, होणार नाही. माझं मत मोठ्या गटाच्या जवळचं आहे. भाग फसलेला आहे. पण ‘सोडून द्या’ हे मला मुळीच मान्य नाही. ही मालिका ज्याला आवडते त्यानं हा भाग बघायलाच हवा. मात्र तो कधी बघायचा, कसा बघायचा आणि बघून झाल्यावर काय बोलायचं, याचा थोडा विचार आधी करावा. मी तो कसा करते ते सांगते.

खुनी कोण हे पुढे उघड लिहिलं आहे. भाग पाहिला नसेल तर आधी खालची यादी बघा, मग भाग बघा आणि मग बाकीचं वाचा.

आधी काय बघायचं

हा भाग पहिलाच म्हणून कधीही लावू नका, आणि कोलंबोची ओळख नसलेल्या माणसाला तर दाखवूच नका. तो नियम मोडणारा भाग आहे, आणि नियम अंगवळणी पडल्याशिवाय तो मोडल्याचं कळत नाही.

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या जोडीनं हा गुप्तहेर घडवला. पीटर फॉकनं तो 1968 साली ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’मध्ये पहिल्यांदा साकारला, 1971 पासून एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर नियमित भाग सुरू झाले आणि 1978 पर्यंत चालले. पुढे 1989 ते 2003 या काळात एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर दुसरी फेरी झाली. सगळे मिळून 69 भाग. त्यांतल्या बहुतेकांचा सांगाडा एकच: खून कोणी केला, कसा केला, हे आपण सुरुवातीलाच डोळ्यांनी बघतो. मग मळका रेनकोट घातलेला लेफ्टनंट येतो, सिगार शोधतो, बायकोबद्दल बोलतो, निघता निघता दारातून परत वळतो आणि आणखी एक प्रश्न विचारतो. खुनी कोण हा प्रश्नच नसतो. हा माणूस त्याला पकडणार कसा, एवढंच बघायचं असतं.

हे अंगवळणी पडायला चार भाग पुरतात. ‘मर्डर बाय द बुक’ (1971) हा नियमित मालिकेतला पहिला भाग. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, खुन्याच्या भूमिकेत जॅक कॅसिडी. जोडीनं रहस्यकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक दुसऱ्याला संपवतो. मालिकेचा सगळा नमुना इथे स्वच्छ दिसतो.

त्यानंतर त्याच वर्षीचा ‘सुटेबल फॉर फ्रेमिंग’. याचं कारण फार महत्त्वाचं आहे: त्याचा लेखक जॅक्सन गिलिस, म्हणजे ज्यानं ‘लास्ट सॅल्यूट’ लिहिला तोच. शेवटी खुनी छातीठोकपणे म्हणतो, चित्रांवर सापडलेले कोलंबोच्या बोटांचे ठसे त्यानं आत्ता, इथे उमटवले. कोलंबो खिशातून हात बाहेर काढतो. हातांत हातमोजे. खुन्याकडे बोलायला एक शब्द उरत नाही. हे ज्यानं लिहिलं त्याला शेवट लिहिता येत नाही, असं कोणी म्हणालं तर हा भाग त्याच्यापुढे ठेवा.

तिसरा ‘ट्रबल्ड वॉटर्स’, फेब्रुवारी 1975 चा, पर्यटकांच्या जहाजावर घडणारा. खुनी रॉबर्ट वॉन. हा का बघायचा ते पुढे कळेल, पण तो चुकवू नका.

चौथा ‘नाऊ यू सी हिम’, 29 फेब्रुवारी 1976 ला दाखवलेला, म्हणजे ‘लास्ट सॅल्यूट’च्या बरोबर आधीचा. पुन्हा जॅक कॅसिडी, या वेळी जादूगाराच्या भूमिकेत. यात कोलंबोला नवा कोट दिलाय आणि तो त्याला नकोसा झालाय. टाइपरायटरची कार्बनची फीत हा पुरावा. एकदाच वापरायची फीत, त्यामुळे टाइप केलेलं पत्र अक्षर न् अक्षर तिच्यावर शिल्लक. हा भाग पाहून दुसऱ्या दिवशी ‘लास्ट सॅल्यूट’ लावा. 1976 च्या प्रेक्षकाला दोन महिन्यांच्या अंतरानं जे जाणवलं असेल ते तुम्हाला एका रात्रीत जाणवेल.

पहिल्यांदा बघताना

दीड तासाचा ऐवज आहे. सलग बघा. थांबवू नका, मागे जाऊ नका आणि सोबतच्याला मध्ये काही समजावून सांगू नका. एवढंच करा: तुमचं लक्ष जिथे पहिल्यांदा उडालं ती जागा लक्षात ठेवा. हवं तर कागदावर मिनिट लिहा. बाकी काही लिहू नका. पहिल्याच वेळी दोष टिपायला बसलात तर बघणं राहतं बाजूला आणि तपासणीच होते.

सुरुवात चांगली आहे, हे मला ठामपणे सांगायचंय. ओटिस स्वॉनसन हा म्हातारा कमोडोर, जॉन डेनरनं उभा केलेला, बोटी बांधण्याच्या धंद्यातला. त्याच्या पैशावर जगणाऱ्या घरच्यांना तो विटलेला आहे. जावई चार्ल्स क्ले, म्हणजे रॉबर्ट वॉन, धंदा चालवतो. रात्र होते. कमोडोर मेलेला आहे आणि क्ले शांतपणे पुसापुशी करतोय. मृतदेह बोटीवर नेतो आणि समुद्रात अपघात झाल्याचा देखावा उभा करतो. संवाद जवळजवळ नाहीतच. नुसत्या हालचालींवर हा प्रसंग उभा आहे, आणि तो उत्तम जमलाय.

आता ‘ट्रबल्ड वॉटर्स’ आठवा. तिथेही वॉन, तिथेही पाणी, तिथेही थंड डोक्यानं केलेली तयारी. पंधरा महिन्यांपूर्वीच ज्याला खुनी म्हणून पाहिलं तोच नट पुरावे पुसताना दिसतोय. शिवाय या मालिकेत खुनी आधीच दाखवतात हे पक्कं ठाऊक. त्यामुळे प्रत्यक्ष खून पडद्यावर दिसलाच नाही, हे लक्षातच येत नाही. प्रेक्षकाच्या सवयीचाच वापर करून त्याला चकवलंय. मला ही कल्पना अतिशय हुशार वाटते, आणि भागावर टीका करणाऱ्या प्रत्येकानं आधी तिचं श्रेय द्यावं.

मग भाग साधारण निम्मा उलटल्यावर क्ले स्वतःच मेलेला सापडतो.

दुसऱ्यांदा, पण सगळा नाही

दुसऱ्या वेळी पूर्ण भाग बघायची गरज नाही. तीन जागा काढून बघा: कोलंबो आणि क्ले समोरासमोर येतात ते सुरुवातीचे प्रसंग, क्लेच्या मृत्यूनंतरची पंधरा-वीस मिनिटं, आणि शेवटची जमवाजमव.

पहिल्या जागी फॉककडे नीट बघा. हा नेहमीचा कोलंबो नाही. एरवी तो अंतर ठेवतो, संकोचतो, आपल्यामुळे समोरच्याला त्रास होतोय म्हणून माफी मागतो. इथे तो माणसांना चिकटून बसतो, खांद्यावर हात टाकतो, तोंडापाशी तोंड नेऊन कुजबुजतो. शब्द ताणून ताणून बोलतो. कोलंबो नशेत आहे की काय, असं बऱ्याच चाहत्यांना वाटतं ते यावरून. सोबतीला दोन सहकारीही दिलेत: ब्रूस कर्बीचा सार्जंट क्रेमर आणि डेनिस डुगनचा तरुण मॅक. त्यामुळे एकट्यानं भिरभिरणारा आपला माणूस इथे घोळक्यात दिसतो.

हे चुकून झालेलं नाही. दिग्दर्शक पॅट्रिक मॅक्गूहन. ‘बाय डॉन्स अर्ली लाइट’ (1974) मधल्या खुन्याच्या भूमिकेसाठी त्यानं एमी हा अमेरिकन टीव्हीचा पुरस्कार मिळवला होता, ‘आयडेंटिटी क्रायसिस’ (1975) मध्ये काम आणि दिग्दर्शन दोन्ही केलं होतं. फॉकचा जवळचा मित्र. मालिकेची रीत ज्याला आतून माहीत होती अशा माणसानं ती जाणूनबुजून वाकवली. मालिका इथेच संपेल अशी चिन्हं तेव्हा होती, म्हणून दोघांनी मनसोक्त प्रयोग करून घेतला, असं पुष्कळ चाहते मानतात. ‘लास्ट सॅल्यूट’ 2 मे 1976 ला दाखवला गेला. पाचव्या सीझनचा तो शेवटचा भाग, त्यामुळे हा तर्क मला पटण्याजोगा वाटतो. पण तो तर्क आहे, हे सांगताना तसंच सांगावं.

दुसरी जागा माझ्या मते खरा दुखरा बिंदू. क्ले गेला आणि कोलंबोसमोर कोणी उरलंच नाही. समोर मल्लच नसेल तर आखाड्यात उतरलेला पैलवान किती वेळ नुसते शड्डू ठोकणार? कोलंबोचं भाबडेपण, विसरभोळेपण, ‘मला कळत नाही हो साहेब’ म्हणणं, हे सगळं एका विशिष्ट माणसासाठी असतं. त्याला कमी लेखणारा, श्रीमंत, आपण सुटणार याची खात्री असलेला माणूस समोर हवा. भाबडेपणा हा त्याच्यासाठी लावलेला सापळा. आता समोर आहेत पाच-सहा संशयित: दारूत बुडालेली मुलगी, पुतण्या, वकील, कमोडोर जिच्याशी लग्न करणार होता ती तरुणी, कारखान्याचा माणूस. यांतल्या कोणाशीच कोलंबोचं वैर जुळत नाही. प्रत्येकाला थोडी मिनिटं मिळतात आणि कोणाचाच प्रसंग चढत जात नाही.

म्हणून ‘शेवटपर्यंत खुनी लपवला हाच दोष’ असं जे म्हणतात त्यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. लपवणं चालेल, पण त्या लपवण्याच्या बदल्यात काहीतरी द्यायला हवं होतं. चांगल्या ‘कोण असेल’ कथेत प्रत्येक संशयिताबद्दल उत्सुकता वाढत जाते. इथे द्वंद्व काढून घेतलं आणि कोडंही धड दिलं नाही.

तिसरी जागा, शेवट. कोलंबो सगळ्यांना एकत्र बसवतो, जुन्या धर्तीच्या रहस्यकथांसारखं. हातात एक चालतं घड्याळ. ते तो एकेकाच्या कानाशी नेतो आणि सांगतो, हे कमोडोरचं घड्याळ. फ्रेड ड्रेपरनं केलेला पुतण्या स्वॉनी चटकन बोलून जातो की नाही, हे ते नव्हे. कमोडोरचं घड्याळ खुनाच्या वेळी मोडलं होतं, ते टिकटिकणार नाही, हे खुन्याखेरीज कोणाला माहीत असणार? चुलतबहीण जोआना, म्हणजे क्लेची बायको, बापाच्या खुनात अडकली की तिचा वारसा जाणार आणि इस्टेट आपल्याकडे येणार, हा त्याचा हेतू. क्लेनं जे पुसलं ते स्वतःचं नव्हतंच. दारूच्या नशेत बायकोनंच बापाला मारलं असं समजून तो तिला वाचवत होता.

जुळणी कागदावर नीट बसते. पण प्रसंग पुन्हा बघा आणि स्वॉनीच्या जागी एखादा निर्दोष माणूस ठेवा. तोही ‘नाही’ म्हणू शकतो. घड्याळाचा आवाज वेगळा वाटला म्हणून, उगाच आडमुठेपणानं म्हणून. ‘सुटेबल फॉर फ्रेमिंग’मधल्या हातमोजे घातलेल्या हातांपुढे खुन्याला पळायला वाट नव्हती. इथे वाटाच वाटा आहेत. लेखक तोच, मालिका तीच, फरक एवढाच. दोन्ही शेवट पाठोपाठ लावून बघा. या सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

तक्रारीचे दोन ढीग

भाग बघून झाला की मनात तक्रारींची गर्दी होते. ती तशीच बाहेर ओतू नका. कागदाच्या एका बाजूला ‘हे मला नेहमीचं वाटलं नाही’ त्या गोष्टी लिहा, दुसऱ्या बाजूला ‘हे जमलं नाही’ त्या. बोलण्याचा ताण, माणसांना चिकटणं, मॅक, सगळ्यांना गोळा करणं: पहिल्या बाजूला. क्लेनंतरची पोकळी, सपाट संशयित, घड्याळ: दुसऱ्या बाजूला. लोकांच्या बहुतेक शिव्या पहिल्या ढिगातल्या असतात आणि भाग खरा पडतो दुसऱ्या ढिगामुळे. ही विभागणी केली की वाद निम्म्यावर येतो.

माझ्या धाकट्या भावाला हा भाग फार आवडतो. आमचा यावरून वाद व्हायचा तेव्हा तो म्हणाला, “ताई, तुला कोलंबो तसाच्या तसा हवा असतो. मला दर वेळी तेच बघायचं नसतं. इथे तो पुढे काय करेल हे मला कळत नव्हतं, म्हणून मी बघत राहिलो.” हे पहिल्या ढिगाबद्दलचं उत्तर होतं आणि ते रास्त होतं. मग मी त्याला विचारलं, “बरं, स्वॉनीबद्दल तुला काय आठवतं?” त्यानं जरा विचार केला. “घड्याळ,” म्हणाला. खुन्याबद्दल त्या एका उत्तराशिवाय काहीच आठवत नाही, हे त्यालाही मान्य होतं. आम्ही दोघं आपापल्या मतावर आहोत, पण आता आम्हाला नेमकं माहीत आहे की मतभेद कुठे आहे.

दुसऱ्याचं मत ऐकताना

हा भाग आवडणाऱ्याला ‘तुला यात काय दिसतं?’ असं आव्हान देऊ नका. ‘कुठला प्रसंग?’ असं विचारा. प्रसंगाचं नाव आलं की गप्पा खऱ्या सुरू होतात. मला आढळलंय की आवडणारी माणसं बहुतेकदा वातावरणाबद्दल बोलतात: बोटी, धक्का, आणि सैलावलेला, खुशीत असलेला फॉक. नावडणारी माणसं कथेबद्दल बोलतात. दोघांचं एकाच वेळी बरोबर असू शकतं.

कोणी म्हणालं की मॅक्गूहनला कोलंबो कळलाच नाही, तर त्याला ‘अजेंडा फॉर मर्डर’ (1990) बघायला सांगा. दिग्दर्शन त्याचंच, खुनीही तोच, आणि त्याबद्दल त्याला दुसरा एमी मिळाला. कोणी म्हणालं की हा 69 भागांतला सगळ्यात वाईट, तर ‘नो टाइम टू डाय’ (1992) पाहिलाय का ते विचारा. त्यात खूनच नाही, अपहरण आहे, आणि कोलंबोच्या जागी कुठलाही पोलीस अधिकारी ठेवला तरी कथेचं फारसं काही बिघडत नाही. ‘लास्ट सॅल्यूट’मध्ये निदान दर मिनिटाला कोणीतरी काहीतरी करून बघतंय. म्हणून माझ्या क्रमवारीत तो तळाला नाही. पण क्रमवारीवर फार वेळ घालवू नका. 58 वा की 64 वा, यातून भागाबद्दल काहीच कळत नाही.

मत लिहिताना किंवा सांगताना

पहिलं वाक्य प्रसंगाचं असू द्या. ‘भाग कंटाळवाणा आहे’ ऐवजी ‘क्ले मेल्यावर माझं लक्ष उडालं’. यासाठीच तर पहिल्या वेळी ती जागा लक्षात ठेवायची होती.

नटांना झोडपू नका. फ्रेड ड्रेपर हा या मालिकेत पुन्हा पुन्हा छोट्या भूमिकांत दिसणारा चेहरा. त्याच्यावर संशय जात नाही याचं एक कारण तेच. त्याच्या वाट्याला खुन्याचं काम आलं, पण खुन्याचे प्रसंग आले नाहीत. त्याला फॉकसमोर दहा मिनिटांचा एक चांगला प्रसंग लिहिला असता तर आज आपण वेगळं बोलत असतो. डायन बेकरची जोआनाही अशीच. तिनं नवऱ्याच्या मृत्यूनंतर जे दाखवलं त्याला कथेत पुढे जागाच ठेवलेली नाही.

आणि भागातलं जे चांगलं आहे ते मनापासून लिहा, ‘पण’च्या आधी घाईघाईनं उरकू नका. माझ्यासाठी ते शेवटचं दृश्य आहे. काम संपलंय. कोलंबो होडीत बसतो आणि वल्हवायला लागतो. सिगारवरून बोलणं निघतं, सोडणार होतात ना, अशा अर्थानं. अजून नाही, मॅक, अजून नाही, असं तो म्हणतो आणि होडी दूर जाते. मालिका राहणार की जाणार हे ठाऊक नसताना चित्रित झालेली ही वाक्यं सिगारपुरती नाहीत, हे उघड आहे. फसलेल्या भागाला इतका सुंदर शेवटचा मिनिट मिळालाय, आणि वगळणाऱ्यांना तो दिसत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

लगेच पुढे

‘लास्ट सॅल्यूट’वर थांबू नका. त्याच दिवशी जमलं तर ‘फेड इन टू मर्डर’ लावा, ऑक्टोबर 1976 चा, सहाव्या सीझनमधला पहिला. विल्यम शॅटनर यात टीव्हीवर गुप्तहेराचं काम करणारा नट आहे आणि त्याची निर्माती त्याला ब्लॅकमेल करून त्याचा निम्मा पगार घेतेय. खून आपल्या डोळ्यांदेखत होतो, खुनी ठाऊक असतो, कोलंबो पुन्हा अंतर ठेवून, अदबीनं वागू लागतो. समोर तोडीस तोड माणूस आला की फॉकचा चेहरा कसा बदलतो, तो दोघांचा पहिल्या भेटीचा प्रसंग नीट बघा, आणि मग आपल्या कागदावरचा दुसरा ढीग पुन्हा एकदा वाचा.